निसटणारा पक्षी

'पोकेमॉन गो' हा मोबाईल गेम डिसेंबर २०१६मध्ये रिलायन्स जिओच्या साथीने भारतात रीतसर आला. २०२२पासून त्यात 'डेली अ‍ॅडव्हेंचर इन्सेन्स' हा पोकेमॉनना ओढून आणणारा धूप मिळतो: दिवसातून एकदा, १५ मिनिटं, आणि खेळाडू चालत राहिला तरच कामाचा. नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'तली तळ्याकाठची वाट त्यासाठी मला फार आवडते. तिथे वाहनांची भीती नाही. क्वचित पोकेमॉनच्या जगातल्या गॅलार प्रदेशातला आर्टिकुनो, झॅपडॉस किंवा मोल्ट्रेस हा पक्षी समोर येतो आणि बहुतेकदा हातचा जातो.

नेम चुकला म्हणून तो पळत नाही. त्याला पकडायला फेकलेला चेंडू फोडून तो बाहेर आला, की थांबायचं की पळायचं हे गेम तेव्हा ठरवतो. म्हणून पहिल्याच फेकीत सगळं पणाला लावावं. पकडणं सोपं करणारी गोल्डन रॅझ बेरी द्या. चेंडू बोटाखाली धरा, पक्ष्याभोवतीचं रंगीत कडं लहान होताच न फेकता सोडा. कडं तेवढंच राहतं. पक्ष्याचा हल्ला संपत आला, की चेंडू गरगर फिरवून वळता फेका.

पळण्याची ही खोड जुनीच. १९९६च्या मूळ पोकेमॉन गेममध्ये रानात भेटणाऱ्या अब्रा या पोकेमॉनला तर 'टेलिपोर्ट' हा एकच डाव येई, पळण्याचा.