डॉ. बॉम्बेची बातमीदारी

डिसेंबर १९९३ मध्ये न्यू यॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने एका बलात्काराची हकिगत छापली. त्यात कोणी कोणाच्या अंगाला बोटही लावलं नव्हतं. आरोपी होता एक ढेरपोट्या विदूषक, मिस्टर बंगल. घटना घडली एका मोठ्या घराच्या दिवाणखान्यात, आणि ते घर होतं कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या एका संगणकात. लेखकाचं नाव ज्युलियन डिबेल.

घराचं नाव लॅम्डामू. पॅव्हेल कर्टिस नावाच्या संशोधकाने १९९० मध्ये ते सुरू केलं. त्यात चित्र नाही, आवाज नाही. सगळा कारभार शब्दांचा. खेळाडूने टाइप करायचं आणि खोलीतल्या इतरांनी ते आपापल्या पडद्यावर वाचायचं. बंगलने ‘वूडू बाहुली’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम वापरला. त्यामुळे तो जे टाइप करी, ते दुसरंच पात्र करतंय असं सगळ्यांना दिसे. त्याने दोन पात्रांकडून सगळ्यांसमोर किळसवाणी कृत्यं ‘करवून’ घेतली. त्यातल्या एका पात्रामागची खरी बाई सिएटलमध्ये होती. झाल्या प्रकाराबद्दल लिहिताना तिला रडू कोसळलं होतं.

एखाद्या पत्रकाराने यावर चार चटकदार परिच्छेद लिहून विषय मिटवला असता. डिबेलला खरी बातमी दिसली ती पुढे. या विदूषकाचं करायचं काय, यावर रहिवाशांची सभा भरली. कोणी कायद्याचं बोललं, कोणी तत्त्वज्ञानाचं, काहींनी नुसताच गोंधळ घातला. तास उलटले तरी निर्णय होईना (ज्यांनी कधी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा सोसली आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल). शेवटी यंत्रणेचे अधिकार हाती असलेल्या एका ‘जादूगारा’ने कोणालाही न विचारता बंगलचं पात्र पुसून टाकलं. काम झालं, पण अशा परस्पर निकालाला आधार कोणता, हा प्रश्न उरलाच. त्यानंतर कर्टिसने लॅम्डामूमध्ये रहिवाशांचे अर्ज आणि मतदान यांची पद्धत आणली. एका डेटाबेसचा समाज कसा झाला, हा डिबेलच्या लेखाचा खरा विषय. इंटरनेट कायद्याचे नामवंत अभ्यासक लॉरेन्स लेसिग यांनी या विषयाकडे वळण्यामागे योगायोगाने वाचनात आलेल्या याच लेखाचा मोठा वाटा असल्याचं सांगितलं आहे.

डिबेल स्वतःही लॅम्डामूचा रहिवासी होता. तिथलं त्याचं नाव डॉ. बॉम्बे. मराठी वाचकाने हुरळून जाऊ नये; एका जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेत या नावाचा वैद्य आहे. त्या मुक्कामावर त्याने ‘माय टायनी लाइफ’ हे पुस्तक लिहिलं.

बाहेरून डोकावणारा खेळाडूंची टिंगल करतो आणि आतला माणूस त्यांची भक्ती करतो. डिबेल आत राहून हिशेब विचारतो. त्याच्यावर जीव जडतो तो यासाठी.

हा हिशेब पुढे अक्षरशः पैशांचा झाला. १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा गेम आला. त्यात घर बांधायचं तर जागा हवी, आणि जागा मोजकी. पाठोपाठ ईबेवर घरं विकायला निघाली. २००३ च्या सुरुवातीला ‘वायर्ड’ मासिकात डिबेलने अशा एका सौद्याचा माग काढला. ब्रेड पोचवण्याचं काम करणाऱ्या एका माणसाने ७५० डॉलर मोजून गेममधला एक दगडी मनोरा विकत घेतला होता. विकणारा खऱ्या आयुष्यात सुतार. गेममध्ये त्याने महिनोन्‌महिने लोहारकी करून पैसा साठवला होता. दिवसभर राबून घरी आलेला माणूस करमणूक म्हणून पुन्हा राबतो आणि त्या राबण्याला बाजारभाव मिळतो, हे डिबेलने नेमकं टिपलं. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थतज्ज्ञाने २००१ मध्येच ‘एव्हरक्वेस्ट’ गेममधल्या नोराथ या देशाचं दरडोई उत्पन्न काढलं होतं. ते २,२६६ डॉलर भरलं, म्हणजे रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधलं.

मग डिबेलने स्वतःच दुकान मांडलं. गेममधल्या वस्तूंची खरेदी-विक्री हेच आपलं उत्पन्नाचं मुख्य साधन आहे आणि ते लेखनापेक्षा जास्त देतं, असं १५ एप्रिल २००४ ला, म्हणजे अमेरिकेत प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, छातीठोकपणे सांगायचं, अशी त्याने जाहीर पैज लावली. शेवटच्या महिन्यात सुमारे ३,९०० डॉलर नफा झाला. ‘प्ले मनी’ (२००६) या पुस्तकाच्या उपशीर्षकातली लाखोंच्या कमाईची फुशारकी मात्र त्याच्या तिरकस विनोदात मोडते. भावांची चढउतार सांगताना हे पुस्तक मध्येच रेंगाळतं. पण गेममध्ये मिळालेल्या, अजून न विकलेल्या तलवारीवरही कर लागतो का, हा प्रश्न घेऊन तो कर खात्यापर्यंत गेला आणि ठाम उत्तर न घेताच परतला, ती हकिगत फर्मास आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २८ टक्के जीएसटी आला, तेव्हाही नेमकी कोणत्या रकमेवर आकारणी करायची यावर खल झालाच.

त्याचा सर्वात धारदार लेख मात्र जून २००७ मधला, ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकातला. चीनमधल्या नानजिंग शहरात तरुण बारा-बारा तासांच्या पाळीत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळून सोन्याची नाणी जमवत. शंभर नाण्यांमागे कामगाराला दहा युआन, म्हणजे सव्वा डॉलरच्या आसपास. मालक तीच नाणी तीनेक डॉलरला पुढे देई, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला ती वीस डॉलरपर्यंत पडत. गेममध्ये इतर खेळाडू या कामगारांना हुडकून मारत, त्यांच्यावर वंशद्वेषी शेरे मारत. डिबेल या माणसांना ना बिचारे ठरवतो, ना गुन्हेगार. पाळी संपल्यावर त्यांच्यातले काही जण स्वतःच्या पैशाने तोच गेम खेळायला बसत, हा तपशील तो कसलंही भाष्य न करता ठेवतो.

मराठीत ऑनलाइन गेमची बातमी होते ती बहुधा व्यसनाची नाहीतर बंदीची. २ सप्टेंबर २०२० ला पबजीसह ११८ अ‍ॅपवर बंदी आली, तेव्हा पालकांचा सुस्कारा सविस्तर छापून आला. त्या गेममध्ये ज्यांची रोजची उठबस होती, त्यांच्या टोळ्या, रुसवेफुगवे आणि पैशांचे व्यवहार यांची दखल क्वचितच कोणी घेतली. डिबेलसारखा माणूस तिथेच ठाण मांडून बसला असता.

पुढे त्याने कायद्याचं शिक्षण घेतलं आणि शिकागोत वकिली सुरू केली. त्याचं वाचायला नानजिंगच्या लेखापासून सुरुवात करावी, मग बंगलचं प्रकरण. ‘प्ले मनी’ची मधली काही प्रकरणं चाळली तरी चालतील, कर खात्याची हकिगत तेवढी सोडू नये.