विंचू चावतो पायाला, घाव बसतो हृदयाला

म्हशाची यात्रा पौषात, थंडीत भरते. विंचवाचा हंगाम त्यानंतरचा. मे महिन्यात म्हसा, मुरबाड, शहापूरच्या गावपाड्यांवर कौले चाळायला काढतात, सरपण आत घेतात, पेंढा हलवतात, आणि हात नेमका विंचवावर पडतो. चावला की पहिली हाक विंचू उतरवणाऱ्याला जाते. विष पायातून वर चढते आणि मंत्राने खाली उतरते, अशी आपली समजूत. अंगात प्रत्यक्ष काय होते ते आपण पाहू.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय दर मिनिटाला जवळपास तेवढेच रक्त ढकलते. त्यामुळे रक्तात मिसळलेले विष सगळीकडे पोचायला वेळ लागत नाही. हृदयाची उजवी बाजू अंगातून परत आलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू फुप्फुसांतून आलेले ताजे रक्त सगळ्या अंगाला पुरवते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. ते आवळले की वाट अरुंद होते आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो.

कोकणातल्या लाल विंचवाचे विष नेमका इथेच घोटाळा करते. ते मज्जातंतूंना चेतवते, आणि आपण घाबरल्यावर अंगात सुटणारी अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायने पूर आल्यासारखी सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात. हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, मुलग्यांचे व पुरुषांचे लिंग ताठ राहते (हे सांगायला लाजू नये, डॉक्टरांसाठी ही महत्त्वाची खूण आहे). अरुंद वाटेवर जोर लावून हृदयाची डावी बाजू थकते, रक्त मागे तुंबते, फुप्फुसांत पाणी भरते. खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागला की वेळ फार थोडा उरतो.

महाड आपल्याला चवदार तळ्यामुळे ठाऊक आहे. त्याच महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचू चावलेले रुग्ण हृदय व फुप्फुसे निकामी होऊन दगावतात, हे त्यांनी रुग्णांशेजारी बसून केलेल्या नोंदींतून दाखवले. १९८२ मध्ये त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास दगावत. ते प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आले, असे त्यांनी लिहिले आहे. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविष लस दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग मंत्राने माणसे बरी होतात ती कशी? पुष्कळ दंशांत नुसत्या वेदना असतात आणि त्या काही तासांनी आपोआप ओसरतात. श्रेय मांत्रिकाला जाते. ज्या लेकराला घाम फुटलाय, उलट्या होताहेत, त्याचे मात्र तेच तास वाया जातात. फार ठणकत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. घाम, उलटी, गार हातपाय हेच बघायचे.

पाय करकचून बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. रुग्णाला चालवू नये, गाडी करून दवाखान्यात न्यावे. गोळी किती द्यायची ते डॉक्टरच ठरवतील. ती दिल्यावर रुग्णाला झोपवूनच ठेवावे, एकदम उठवले तर रक्तदाब उतरून चक्कर येते.

वस्तीतल्या तरुणांनी एप्रिल संपायच्या आत आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे: प्राझोसिन आणि प्रतिविष लस शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, रुग्णवाहिकेचा १०८ नंबर आपल्या पाड्यावरून लागतो का. उत्तर नकारार्थी असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.