शब्द आणि गळा (भाग ७) : मैना कुणावर राहिली?

गेल्या आठवड्यात आपण लावणीकार पठ्ठे बापूरावांच्या रेठरे हरणाक्षला होतो. आज वाटेगावला. तालुका तोच, वाळवा. १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊ साठे इथं जन्मले तेव्हा हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत होता. सांगली हे नाव जिल्ह्याला १९६० साली मिळालं. पोरवयात ते आईबापांबरोबर मुंबईला गेले, तेही चालत. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड ऐकताना ती पायवाट ध्यानात असू द्या.

सभासंमेलनांत हिचा अर्थ एका दमात सांगून टाकतात. मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख! खोटं नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य झालं, बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात गेले, आणि छक्कड शेवटाकडं त्यांची नावंच घेते. डांग-उंबरगावचीही घेते. पण पहिल्या ओळीपासूनच मैनेचा नकाशा केला, तर गाणं हातचं जातं. ती आधी बायको आहे. गिरणीत, गोदीत राबणारे घाटावरचे गडी खानावळीत जेवायचे, एकेका खोलीत दाटीवाटीनं झोपायचे. बायको, म्हातारी, जनावरं मागं गावाकडं. समोर बसलेल्या गड्याला ही बाई ओळखीची होती, म्हणूनच पुढं तो बेळगावासाठीही कळवळला.

आता शब्द बघा. अण्णाभाऊ ‘गावात’ म्हणत नाहीत, ‘गावी’ तर नाहीच. ‘गावावर’ म्हणतात. आपल्याकडं शेत गड्यावर सोडतात, घर सासूवर टाकून माणूस परगावी जातो. या ‘वर’मध्ये भरवसा असतो आणि थोडी अपराधाची टोचणीही. मैना गावात नुसती उरलेली नाही, तिला गावाच्या हवाली करून नवरा निघालाय. सीमाभागाच्या कडव्यात हाच ‘वर’ परत येतो, पण तिथं तो परक्याच्या मालकीचा झालेला असतो. ज्याच्यावर सोडलं त्याच्यावरच दुसरा बसला.

तीच गत ‘ची’ची. मैनेचं रूप सांगताना तुकड्यामागून तुकडा ‘ची’वर संपतो. चंद्र येतो, गुण येतात, मन येतं, रामाची सीताही येते. षष्ठी विभक्ती अशी एकावर एक रचत न्यायची, तर गायकाच्या छातीत दम पाहिजे. मध्ये श्वास तुटला की रास कोसळली. शाहीर डफावर थाप देत एका ओघात तुकडे फेकतो आणि टोकाला आला की झीलकरी ‘जी जी’ करून शेवट उचलतात. तेवढ्यात त्याला श्वास मिळतो. म्हणजे झील ही नुसती शोभा नव्हे, मुख्य गळ्याची ती विसाव्याची जागा आहे. पुढं याच ‘ची’च्या माळेत दंडेली आणि दुसऱ्याची मालकी ओवली जाते. चाल बदलत नाही. कानाला कौतुकाची सवय लागलेली असते, आणि त्याच ठेक्यात तक्रार येऊन आदळते.

म्हणून हल्ली काही गायक ही छक्कड संथ करून, सूर कापरा करून, भावगीतासारखी म्हणतात ते मला पटत नाही. विरह आहे, पण तो चालत्या माणसाचा. बसून रडायला त्याला सवड कुठली?

राहता राहिली धृपदातली ‘काहिली’. व्युत्पत्तीचं कोशकारांनी बघावं. मात्र आपल्या ऊसपट्ट्यात ज्यानं गुऱ्हाळावरची काहील पाहिलीय, रस कडेनं उकळताना पाहिलाय, त्याला हा शब्द कानाआधी अंगाला लागतो. या शब्दावर शाहीर आवाज चढवत नाही, लांबवतो. काहीलसुद्धा एकदम तापत नाही.

पुढचा भाग वाईला, लावणीगायिका यमुनाबाई वाईकरांच्या बैठकीत. तिथं डफ नाही, झीलकरी नाहीत, घाईही नाही. बसून गायची लावणी एकाच शब्दाला कितींदा वेगळा अर्थ देते ते ऐकू. तोवर ही छक्कड एकदा उभ्यानं म्हणून बघा, आणि श्वास नेमका कुठं सुटतो तिथं खूण करून ठेवा.