फेनवेला जाताय? आधी खांब बघा!
बॉस्टनला गेलात आणि बेसबॉलचा सीझन असेल, तर फेनवे पार्क चुकवू नका. मैदान १९१२ सालचं, त्यामुळे ग्रँडस्टँडचं छत जुन्या खांबांवर उभं आहे. स्वस्त म्हणून कुठलंही तिकीट काढाल, तर अख्खी मॅच खांबाकडे बघत बसाल!

गाडी नकोच. ग्रीन लाइनने केनमोरला उतरा. फक्त ‘ई’ गाडीत चढू नका, ती आधीच कॉप्लीनंतर वेगळी वळते.

लवकर पोहोचून डावीकडची ३७ फुटी हिरवी भिंत, ‘ग्रीन मॉन्स्टर’, बघून घ्या. तिच्यावरचा धावफलक अजून माणसं हाताने बदलतात. समोर उजवीकडे हिरव्या खुर्च्यांत एकच लाल आहे. १९४६ मध्ये टेड विल्यम्सचा ५०२ फुटी होमरन तिथल्या प्रेक्षकाच्या टोपीवर आदळला होता. बिचारा!

एप्रिलच्या रात्री स्वेटर मात्र हवाच.