घरगुती औषधांची साठवण व विल्हेवाट

घरात आणलेली औषधे मुदतीपर्यंत गुणकारी राहावीत अशा रीतीने ठेवणे आणि उरलेली वा मुदतबाह्य औषधे माणसे, जनावरे व पाणी यांना अपाय न होता टाकणे, या दोन बाबी या विषयात येतात. प्रचलित सूचना बहुधा फ्रीज आणि घंटागाडी गृहीत धरतात. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांत डोंगरउतारांवर वसलेल्या ठाकुरवाड्यांना त्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

साठवण

वेष्टनावरील ‘कूल प्लेस’ म्हणजे फ्रीज नव्हे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ नुसार त्याचा अर्थ १० ते २५ अंश सेल्सियस तापमानाची जागा असा आहे. चुलीवरील फळी उष्णतेमुळे, तर कुडाची भिंत पावसाळ्यातील ओलीमुळे अयोग्य ठरते. गोळ्या मूळ पाकिटातच, घट्ट झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवाव्यात. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागते. फ्रीज नसल्यास उन्हाळ्यात ओले मडके काही प्रमाणात उपयोगी पडते, पण त्याने इतके कमी तापमान मिळत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत तर बाष्पीभवन मंदावून मडके फारसे थंड होत नाही.

सर्वाधिक दुर्लक्षित धोका लोहाच्या गोळ्यांचा आहे. गर्भवतींना मोफत मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. लहान मुलाला ती खाऊसारखी दिसते. शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे सुमारे ६० मिलिग्रॅम लोह पोटात गेल्यास गंभीर विषबाधा होते. म्हणजे १० किलो वजनाच्या बालकाला अशा दहा गोळ्या प्राणघातक ठरू शकतात. मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटी होण्याची वाट न पाहता, रिकामे पाकीट सोबत घेऊन त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

विल्हेवाट

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये मुदतबाह्य औषधे व वापरलेल्या सुया ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून गणल्या होत्या. औषधे चुलीत जाळू नयेत. कमी तापमानाच्या आगीत विषारी धूर होतो. ओढ्यातही टाकू नयेत. कर्जतचे पाणी उल्हास नदीला मिळते आणि पुढे बदलापूर, कल्याण परिसरात तेच पिण्यासाठी उचलले जाते.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, डायझेपाम यांसह १७ औषधे शौचालयात सोडण्यास सांगितले, कारण घरात कोणी ती चुकून घेतल्यास होणारा धोका अधिक मोठा असतो. इतर औषधांना ही सवलत नाही. केरळने त्याच वर्षी घरोघरची औषधे परत घेण्याचा ‘एनप्राउड’ उपक्रम सुरू केला.

वाडीत आशा कार्यकर्तीला वा आरोग्य उपकेंद्रात विचारून औषधे परत करणे हा अधिक चांगला मार्ग होय. ते शक्य नसल्यास गोळ्या पाकिटातून काढून, न कुटता, राखेत किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून बंद पिशवीत भराव्यात आणि झरा, विहीर व गुरांची वाट यांपासून दूर खोल पुराव्यात. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद बाटलीत साठवून आरोग्य केंद्रात द्याव्यात.