दूरच्या दीर्घिकांतील भारित रेणू

रेणूतून एखादा इलेक्ट्रॉन निघून गेला किंवा त्याला एखादा प्रोटॉन येऊन चिकटला, की तो धनभारित होतो. अशा भारित रेणूला रेणवीय आयन म्हणतात. पृथ्वीवरच्या दाट हवेत असा आयन समोर येईल त्या रेणूशी अभिक्रिया करून तत्काळ संपतो. ताऱ्यांच्या दरम्यानचा वायू मात्र इतका विरळ असतो, की दोन कणांची टक्कर व्हायलाच बराच वेळ लागतो. त्यामुळे तिथे हे आयन काही काळ तग धरतात.

अवकाशात ओळखलेला पहिला रेणवीय आयन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या एकेका अणूचा. ताऱ्यांच्या वर्णपटात दिसणाऱ्या काही अनोळखी रेषा त्याच्याच आहेत, हे डग्लस आणि हर्ट्झबर्ग यांनी १९४१ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध केले. १९७० मध्ये बूल आणि स्नायडर यांना ८९.२ गिगाहर्ट्झवर एक रेडिओ रेषा सापडली. ती कोणाची हे कळेना, म्हणून तिच्या कर्त्याला ‘एक्सोजेन’ असे तात्पुरते नाव मिळाले. तो हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांचा आयन असावा, असे क्लेम्परर यांनी त्याच वर्षी सुचवले. पुढे प्रयोगशाळेतील मोजमापांनी ते खरे ठरले.

असे आयन मोलाचे ठरतात ते त्यांच्या जन्मकथेमुळे. ताऱ्यांच्या दरम्यानच्या वायूच्या दाट ढगाच्या आत ताऱ्यांचा प्रकाश पोचत नाही, पण वैश्विक किरण पोचतात. ते हायड्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवतात. त्या भारित रेणूची दुसऱ्या हायड्रोजन रेणूशी गाठ पडली, की तीन हायड्रोजन अणूंचा आयन तयार होतो. हा आयन आपला प्रोटॉन कार्बन मोनॉक्साइडला देतो आणि ‘एक्सोजेन’ जन्माला येतो. ऑक्सिजनपासून पाण्यापर्यंतची साखळीही अशाच भारित पायऱ्यांनी पुढे सरकते. म्हणून ऑक्सिजन-हायड्रोजन आयनाचे प्रमाण मोजले, की त्या वायूवर वैश्विक किरणांचा मारा किती आहे याचा अंदाज बांधता येतो.

दूरच्या दीर्घिकेतला वायू स्वतः फार क्षीण प्रारणे सोडतो. पण त्याच्या मागे एखादा क्वेसार, म्हणजे आणखी दूरच्या दीर्घिकेचे तेजस्वी केंद्र, असेल, तर वायूतले आयन त्याच्या प्रारणातून ठरावीक वारंवारता शोषून घेतात आणि वर्णपटात खाचा पडतात. यासाठी धनू राशीच्या दिशेला असलेल्या पीकेएस १८३०-२११ या क्वेसारइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. त्याच्या आणि आपल्या मध्ये एक सर्पिल दीर्घिका आहे. तिचे गुरुत्वाकर्षण भिंगासारखे काम करते आणि क्वेसारच्या दोन ठळक प्रतिमा दिसतात, एकमेकींपासून सुमारे एक विकलेवर. रेडिओ प्रतिमेतल्या या जुळ्या रूपाकडे प्रमेश राव आणि रवी सुब्रह्मण्यन यांनी १९८८ मध्येच लक्ष वेधले होते. दोन प्रतिमांचे किरण त्या दीर्घिकेच्या दोन वेगळ्या भागांतून येतात. त्यामुळे एकाच दीर्घिकेतला दाट आणि विरळ वायू शेजारी शेजारी तपासता येतो. तिथून निघालेल्या लहरींना इथवर यायला सुमारे सात अब्ज वर्षे लागली. तेव्हा सूर्य जन्मालाही आला नव्हता.

अशा अंतराचा एक अनपेक्षित फायदाही होतो. आर्गॉन-हायड्रोजन आयनाची रेषा ६१७.५ गिगाहर्ट्झवर असते. ती आपल्या वातावरणातल्या पाण्याच्या वाफेच्या शोषणपट्ट्यात अडकते. म्हणून २०१३ मध्ये खेकडा तेजोमेघातला हा आयन हर्शेल या अवकाश दुर्बिणीने शोधला. वर सांगितलेल्या दीर्घिकेतून निघालेली हीच रेषा विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन सुमारे ३२७.५ गिगाहर्ट्झवर पोचते. चिलीतल्या पाच हजार मीटर उंचीवरील आल्मा दुर्बिणीला ती जमिनीवरूनच टिपता आली आणि २०१५ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. हा आयन जवळजवळ संपूर्ण अणुरूप हायड्रोजन असलेल्या वायूतच टिकतो. आर्गॉन-३६ आणि आर्गॉन-३८ यांचे गुणोत्तरही त्यावरून मोजले गेले. ते सुमारे ३.५ आहे, सूर्यमालेत ते ५.५ च्या आसपास आहे.

कार्बन-हायड्रोजन आयनाची गोष्ट याहून वेगळी. तो तयार व्हायला भरपूर ऊर्जा लागते आणि तयार झाल्यावर तो लगेच नष्ट होतो. म्हणजे जिथे तो दिसतो, तिथेच तो नुकताच जन्मलेला असतो. आपल्याकडे प्रकाश यायला सुमारे अकरा अब्ज वर्षे लागलेल्या, वेगाने तारे घडवणाऱ्या काही दीर्घिकांभोवती आल्माने २०१७ मध्ये तो शोधला. त्यावरून या दीर्घिकांना थंड, विरळ आणि खळबळत्या वायूचे प्रचंड कोठार वेढून आहे हे समजले. त्याचा विस्तार तीस हजार प्रकाशवर्षांहून अधिक आहे.