चुकीच्या पर्यायातच खरा धडा

समजा, बी.एड.ची एक छात्राध्यापिका सातवीसाठी ‘जुलाब आणि जलसंजीवनी’ हा डिजिटल पाठ तयार करते आहे. हलणारी चित्रे, पार्श्वसंगीत आणि शेवटी प्रश्न. ‘ओआरएसचे मोठे पाकीट किती पाण्यात विरघळवावे?’ पर्याय तीन : एक लिटर, पन्नास लिटर, शंभर लिटर. अख्खा वर्ग बरोबर उत्तर देतो, पडद्यावर टाळ्या वाजतात. पण त्यातल्याच एखाद्या मुलाच्या घरी धाकट्या भावाला जुलाब लागले, तर ते पाकीट एका पेल्यात ढवळले जाणार नाही याची खात्री या पाठाने दिलेली नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते पेलाभर पाण्यात घातले तर द्रावणात मिठाचे प्रमाण कितीतरी वाढते आणि लहान बाळाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. बाजारात २०० मिलिलिटरची छोटी पाकिटेही मिळतात; म्हणून पाकिटावरचे माप वाचणे हाच खरा धडा. ‘एक पेला’ हा पर्याय प्रश्नात असता आणि तो निवडल्यावर ‘एवढ्या पाण्यात हे द्रावण फार खारट होईल; पाकिटावर काय लिहिले आहे ते पुन्हा पाहा’ असे उत्तर आले असते, तर तो धडा मुलाच्या लक्षात राहिला असता. ‘जुलाब होत असताना पाणी बंद करावे’ हा समज आजही अनेक घरांत आहे. तोही पर्यायांत हवा.

डिजिटल साहित्य संवादी होते ते क्लिकमुळे नव्हे, तर मुलाला थांबून विचार करावा लागतो त्यामुळे. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे ध्वनिचित्रित व्याख्यान चार भागांत विभागले. प्रत्येक भागानंतर ज्यांची छोटी चाचणी घेतली, त्यांचे मन कमी भरकटले, त्यांनी टिपणे जास्त घेतली आणि शेवटच्या परीक्षेतही ते सरस ठरले. स्मरणातून उत्तर बाहेर काढण्याची धडपड हीच स्मृती पक्की करते. उलट, विषयाशी संबंध नसलेली चित्रे आणि संगीत शिकण्यात अडथळा आणतात, असे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसले आहे. मेंदूची एका वेळी माहिती हाताळण्याची क्षमता मर्यादित असते. सजावट त्यातलाच वाटा खाते.

साधनांची आज वानवा नाही. व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारता येणारे ‘एच५पी’ हे मुक्त साधन आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’वरील साहित्य पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडने उघडते. ही साधने कशी चालवायची ते काही दिवसांत शिकता येते. मूल कुठे चुकेल हे ओळखायला मात्र मुलांशीच बोलावे लागते.

म्हणून प्रशिक्षणाचा क्रम उलटा हवा. आंतरवासितेच्या काळात छात्राध्यापकांनी आधी वर्गात तोंडी प्रश्न विचारावेत, मुलांची चुकीची उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावीत आणि त्यांतून पर्याय बनवावेत. प्रत्येक चुकीच्या उत्तराला ‘चूक’ एवढाच शेरा न देता कारण सांगावे. मग तो पाठ दोन-तीन मुलांच्या हाती देऊन, स्वतः काहीही न सांगता, ती कुठे अडतात ते पाहावे.

काही पथ्ये वैद्यकीयही आहेत. बरोबर-चूक फक्त हिरव्या-लाल रंगाने दाखवू नये. रंगांधळ्या मुलाला ते कळत नाही. सोबत खूण हवी. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बोलण्याचा मजकूर खाली हवा. अक्षर मोठे असावे, कारण पाठ बहुधा पालकांच्या मोबाइलवरच पाहिला जातो.

रुग्णाला औषध समजावल्यावर ‘समजले का?’ विचारले, की तो मान डोलावतो. ‘घरी गेल्यावर कसे घ्याल ते सांगा’ म्हटले, की चूक उघडी पडते आणि तिथेच सुधारता येते. डिजिटल पाठाचेही काम तेच आहे : चूक घरी होण्याआधी वर्गात होऊ देणे.